लेकीचा वाटा, बहिणीची ओवाळणी

पनवेल तालुक्यात विमानतळाच्या आजूबाजूच्या गावांतून काही बायका आमच्या गटाच्या बैठकीला नियमित येतात. गेल्या बैठकीत त्यांच्यातल्या एकीने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला आणि सगळ्यांच्या मध्ये ठेवला. हक्कसोडपत्राचा मसुदा होता तो. तिचे वडील वारले. सिडकोने पूर्वी घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के योजनेतला भूखंड मिळायचा आहे. त्यासाठी वारस दाखला काढला, तेव्हा दोन भावांबरोबर तिचं आणि तिच्या बहिणीचंही नाव त्यात आलं. कायद्याने ते यायलाच हवं होतं. आता ते काढून टाकायचं आहे. धाकटा भाऊ येऊन सांगून गेला, "ताई, तुझी एक सही लागेल. भाऊबीजेला तू म्हणशील ती ओवाळणी घालीन."

तिने आम्हाला विचारलं, "सही केली तर वाटा जातो, नाही केली तर माहेर जातं. काय करू?"

त्यावर बोलणं चालू असतानाच कुणीतरी आणलेल्या वर्तमानपत्रात महिला व बालविकास मंत्री म्हणून अदिती तटकरे यांचा फोटो दिसला. एक जण म्हणाली, "हिला बरं बापाने सगळं दिलं." दुसरी म्हणाली, "दिलं म्हणूनच मिळालं, हिचं स्वतःचं काय त्यात?" तिसरी चिडली. "पोराला दिलं असतं तर असं बोलला असता का?" अर्धा तास बैठक त्या फोटोवरच रंगली. हक्कसोडपत्र तसंच सतरंजीवर पडून राहिलं.

घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण दोन विषयांवर बोललो असं आपल्याला वाटलं, पण विषय एकच होता. लेकीला घरातून काय मिळतं, वाटा की ओवाळणी? म्हणून हे लिहिते आहे.

आधी अदिती तटकरे यांच्या वाटचालीकडे नीट पाहू. आपण स्त्री-चळवळीतल्या बायका पक्षीय राजकारणातल्या बाईबद्दल बोलताना फार घाई करतो. एकतर 'आपलीच आहे' म्हणून हारतुरे, नाहीतर 'पुरुषांची बाहुली' म्हणून निकाल. दोन्हीला माहिती लागत नाही.

त्यांचा जन्म १९८८ चा. वडील सुनील तटकरे रायगड जिल्ह्याच्या राजकारणातलं मोठं नाव. आमदार, राज्यात मंत्री, राष्ट्रवादी काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष, २०१९ पासून रायगडचे खासदार. काका अनिल तटकरे विधान परिषदेत होते. भाऊ अनिकेत तटकरे २०१८ मध्ये विधान परिषदेवर गेले. श्रीवर्धन विधानसभा मतदारसंघाची जंत्रीच पाहा. २००९ मध्ये तिथून वडील निवडून आले, २०१४ मध्ये चुलत भाऊ अवधूत तटकरे आणि २०१९ मध्ये मुलगी अदिती. एखाद्या वाडीच्या सातबाऱ्यावर वारसांची नावं चढावीत तशी ही नावं आहेत.

त्याआधी २०१७ मध्ये त्या रायगड जिल्हा परिषदेवर निवडून गेल्या आणि वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी अध्यक्ष झाल्या. आपला पनवेल तालुका ह्याच जिल्ह्यात येतो. महापालिकेच्या हद्दीबाहेरच्या आपल्या गावांतल्या शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रं, अंगणवाड्या हा सगळा कारभार जिल्हा परिषदेकडे असतो. म्हणजे श्रीवर्धन इथून शंभरेक किलोमीटर दूर असलं, तरी त्यांचा आणि आपला संबंध मंत्रिपदाच्याही आधीचा आहे. जिल्हा परिषदेत त्यांचा पक्ष आणि शेतकरी कामगार पक्ष यांची युती होती. अशा युतीचा रथ हाकणं हे काही शोभेचं काम नाही.

२०१९ मध्ये श्रीवर्धनमधून शिवसेनेच्या विनोद घोसाळकरांना हरवून त्या विधानसभेत गेल्या आणि त्याच वर्षी ३० डिसेंबरला राज्यमंत्री झाल्या. उद्धव ठाकरे यांच्या त्या मंत्रिमंडळात स्त्रिया तीनच होत्या. वर्षा गायकवाड, यशोमती ठाकूर आणि ह्या. पहिल्यांदाच निवडून आलेल्या एकतीस वर्षांच्या आमदाराकडे उद्योग, पर्यटन, क्रीडा अशी बरीच खाती आली आणि रायगडचं पालकमंत्रिपदही आलं. पाठोपाठ करोनाची साथ. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ त्यांच्याच किनाऱ्यावर येऊन आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. ज्यांचं घर त्या वाड्यांवर चालतं, त्यांना माहीत आहे की पोफळ लावली की हाताशी यायला किती वर्षं जातात. पुढच्या जुलैत महाडजवळ तळिये गावावर दरड कोसळली. तेव्हाही पालकमंत्री त्याच होत्या.

आता त्या पालकमंत्रिपदाची गोष्ट सांगायला हवी, कारण बाईचं राजकारण कुठे अडतं ते तिथे दिसतं. २०२० मध्ये हे पद त्यांना मिळालं तेव्हा जिल्ह्यातल्या मित्रपक्षाच्या आमदारांनी उघड विरोध केला. २०२२ मध्ये ते सरकार पडलं, त्या आमदारांनी वेगळी वाट धरली आणि पालकमंत्र्यांबद्दलची तक्रार त्यांच्या गाऱ्हाण्यांमध्ये होती. २०२३ मध्ये राजकारणाने कूस बदलली आणि तटकरे त्याच आमदारांबरोबर सत्तेत आल्या. तेव्हा जिल्ह्यातल्या एका आमदाराने पालकमंत्रिपदाच्या बाबतीत बाई आणि पुरुष यांत फरक पडतोच, अशा अर्थाचं विधान केलं. त्यावर टीका झाली, तीही दोन दिवस. जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा त्यांचं नाव रायगडच्या पालकमंत्रिपदासाठी जाहीर झालं. लगेच रस्त्यावर टायर जळले आणि दुसऱ्याच दिवशी नेमणुकीला स्थगिती मिळाली.

ह्या वादात पक्षांची ओढाताण आहे, दोन घराण्यांचं आणि तालुक्यांचं राजकारण आहे, हे मान्य. तटकरे घराण्याच्या वर्चस्वाला विरोध करण्याचा अधिकारही कुणालाही आहे. पण विरोध वर्चस्वाला असेल तर तो तसा करावा. बाईपणाचा आधार घ्यायची गरज का पडते? आणि उलट बाजूने स्वतःला विचारून पाहा, पाठीशी घर नसलेली एखादी बाई अशा पहिल्याच वादात टिकली असती का? आपल्या ओळखीच्या किती सरपंच, किती नगरसेविका ह्याहून लहान वादात घरी बसल्या, त्यांची नावं आपल्याला पाठ आहेत.

म्हणून 'बापाची मुलगी' हा शेरा मला पुरेसा वाटत नाही. पहिलं कारण साधं आहे. बापाच्या मुलाला आपण तो शेरा मारत नाही. आमच्या पनवेलचे आमदार प्रशांत ठाकूर २००९ पासून निवडून येत आहेत, त्यांचे वडील रामशेठ ठाकूर खासदार होते. चहाच्या टपरीवर त्यांच्या पक्षबदलाची चर्चा होते, कामाची होते. 'वडिलांमुळे आला' हे कुणी फारसं तोंडावर आणत नाही, कारण मुलाने वडिलांचं पुढे चालवणं ही गोष्ट आपल्याला पाऊस पडण्याइतकी साहजिक वाटते. मुलीने चालवलं की ती बातमी होते. आणि एक तटकरेच नव्हेत. अलिबागच्या मीनाक्षी पाटील १९९५, १९९९ आणि २००९ अशा तीन वेळा शेतकरी कामगार पक्षाच्या आमदार झाल्या, १९९९ नंतर राज्यमंत्रीही झाल्या. त्याही प्रभाकर पाटलांची लेक. डिसेंबर २०२४ च्या मंत्रिमंडळात चार स्त्रिया आल्या, त्यांतल्या पंकजा मुंडे आणि मेघना बोर्डीकर ह्याही राजकारणी वडिलांच्या मुली. म्हणजे मंत्रालयाच्या त्या जिन्याला बायकांसाठी जे दार आहे, ते बहुतेक घराच्या आतूनच उघडतं. दोष दारातून आलेल्या बाईचा की बाहेरून दार न ठेवणाऱ्या पक्षांचा?

दुसऱ्या बाजूने हेही स्पष्ट म्हटलं पाहिजे की मतदारसंघ म्हणजे वडिलोपार्जित शेत नव्हे. जमिनीत लेकीचा हक्क जन्माने असतो, लोकांच्या मतांमध्ये कुणाचाच नसतो. तेव्हा 'वारसा मुलीला मिळाला' म्हणून आपण टाळ्या वाजवायच्या, हेही मला पटत नाही. घराणं मुलाऐवजी मुलीच्या हातून चाललं तरी ते घराणंच राहतं.

घराबाहेरून येणाऱ्या वाटेचं काय झालं ते पनवेलमध्येच पाहू. आमची नगरपालिका १८५२ ची. २०१६ मध्ये ती महानगरपालिका झाली. २०१७ च्या पहिल्या निवडणुकीत ७८ जागा होत्या आणि महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांना आहेत, त्यामुळे ३९ जागा बायकांच्या झाल्या. पहिल्या महापौर झाल्या डॉ. कविता चौतमोल, कारण ते पद अनुसूचित जातीच्या स्त्रीसाठी राखीव निघालं होतं. आरक्षण नसतं तर शहराच्या पहिल्या महापौरपदी दलित बाई बसली असती, असं छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस मला भेटलेला नाही. ह्याच सभागृहात खारघरच्या लीना गरड भाजपतर्फे निवडून आल्या आणि पुढे मालमत्ता कराच्या प्रश्नावर स्वतःच्याच पक्षाच्या सत्तेविरुद्ध उभ्या राहिल्या. २०२४ मध्ये त्या शिवसेनेच्या ठाकरे गटाकडून पनवेलची विधानसभा लढल्या आणि हरल्या.

जुलै २०२२ मध्ये त्या सभागृहाची मुदत संपली. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ महापालिकेवर प्रशासक होता. तिकडे जिल्हा परिषदेचीही मुदत २०२२ मध्येच संपली आणि तिथेही प्रशासक बसला. ह्या काळात किती शिकाऊ कार्यकर्त्या हातच्या गेल्या ते कुणी मोजलं नाही. वॉर्डात काम करून वर चढणाऱ्या बाईची शिडी हीच असते. ज्यांच्या घरात खासदार-आमदार असतात त्यांना शिडी काढून घेतली तरी फरक पडत नाही. त्यात आरक्षण सोडतीने फिरतं. पाच वर्षं बाईने गटारं, पाणी, रेशन यांच्यामागे धावावं आणि पुढच्या वेळी जागा खुली झाली की पक्षाने म्हणावं, "ताई, आता भाऊंना उभं करू." विधानसभेत तर राखीव जागा नाहीतच. २०२३ मध्ये संसदेने एक तृतीयांश जागांचा कायदा केला, पण तो जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधून ठेवला. २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभेत २८८ पैकी २१ स्त्रिया निवडून आल्या. २०१९ मध्ये २४ होत्या.

आणि ज्या चळवळीतून आल्या त्या? सर्वहारा जन आंदोलनाच्या उल्का महाजन, श्रमिक क्रांती संघटनेच्या सुरेखा दळवी यांनी ह्याच रायगडमध्ये कातकऱ्यांच्या, आदिवासींच्या जमिनीसाठी आयुष्याची वर्षं दिली. पेण, उरण, पनवेल तालुक्यांतली हजारो एकर जमीन महामुंबई सेझसाठी जाणार होती, तेव्हा २००६ ते २००८ या काळात गावोगावच्या बायका रस्त्यावर आल्या आणि २२ गावांत सरकारला जनमत घ्यावं लागलं. ह्या बायकांमधून आमदार का निघाल्या नाहीत, हा प्रश्न आपण पक्षांना विचारतो. तो स्वतःलाही विचारायला हवा. 'निवडणूक म्हणजे चिखल' म्हणून आपण बाजूला राहिलो आणि त्या चिखलातल्या जागा दुसऱ्यांनी घेतल्या.

तर अदिती तटकरे यांना घरातून वाटा मिळाला. वाटा मिळाल्याने बाई काय करू शकते हे त्यांच्याकडे पाहून कळतं. २ जुलै २०२३ ला त्या कॅबिनेट मंत्री झाल्या तेव्हा एकनाथ शिंदे यांच्या मंत्रिमंडळाला वर्ष झालं होतं आणि त्यात एकही स्त्री नव्हती. महिला व बालविकास खातंसुद्धा पुरुषाकडे होतं. पुढे नोव्हेंबर २०२४ पर्यंत त्या राज्याच्या मंत्रिमंडळात एकट्याच बाई होत्या. २०२४ मध्ये ऐंशी हजारांहून अधिक मताधिक्याने पुन्हा निवडून आल्या आणि तेच खातं पुन्हा त्यांच्याकडे आलं. म्हणजे त्यांना आता वडिलांच्या नावाने मोजायचं कारण उरलेलं नाही. खात्याच्या कामाने मोजू.

एक निर्णय मनापासून आवडला. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि आडनाव, असं लिहिणं सक्तीचं झालं. त्यांच्या मंत्रालयातल्या दारावर 'अदिती वरदा सुनील तटकरे' अशी पाटी लागली. आईचं नाव लावणाऱ्यांची एके काळी टिंगल व्हायची, ते आपण सगळ्यांनी सोसलेलं आहे. त्याच मार्चमध्ये राज्याचं चौथं महिला धोरणही आलं.

पण त्याच खात्याखाली डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ ह्या काळात अंगणवाडी सेविका आणि मदतनीस पन्नासहून अधिक दिवस संपावर होत्या. मानधनवाढ आणि ग्रॅच्युइटी मागत होत्या. ग्रॅच्युइटीचा हक्क तर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्येच मान्य केला होता. २०२४ च्या निवडणुकीआधी मानधनवाढ जाहीर झाली, ती संपामुळे, हे विसरू नये. मग जुलै २०२४ मध्ये 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना आली तेव्हा अर्ज भरायचं काम ह्याच सेविकांवर आलं. एका अर्जाला पन्नास रुपये.

ह्या योजनेवर आपल्या गटांत बरंच भांडण झालं आहे. महिना दीड हजार रुपये, २०२५ मध्ये सव्वादोन कोटींहून अधिक बायकांच्या खात्यात. ज्या बाईच्या हातात कधी स्वतःचे म्हणून शंभर रुपये आले नाहीत, तिच्यासाठी ही रक्कम लहान नाही. गॅस, मुलांची फी, औषध, एखादीची शिलाई मशीन, हे आमच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. 'फुकटचे पैसे' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी आयुष्यभराच्या बिनपगारी घरकामाचा हिशोब मांडावा आणि मग बोलावं.

माझा आक्षेप रकमेला नाही, नात्याला आहे. 'बहीण' हा शब्द फार विचारपूर्वक निवडलेला आहे. बहिणीला भाऊ देतो ती ओवाळणी. ओवाळणी किती, कधी आणि कुठवर, हे भाऊ ठरवतो. निवडणुकीत २१०० रुपयांचं वचन दिलं, २०२५ च्या अर्थसंकल्पात ते आलं नाही. बहीण विचारणार कुणाला? जून २०२५ पासून २६ लाखांहून अधिक जणांचे पैसे थांबवले, त्यांत पुरुषांनीही घुसून पैसे लाटले होते हे खरं, पण खऱ्या बायकांनाही महिनोन् महिने खेटे घालावे लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये ओळख पडताळणी आली, तिने बाईबरोबर तिच्या नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार क्रमांक मागितला. विधवा, घटस्फोटित, टाकलेल्या बायकांनी तो कुठून आणायचा? आरडाओरडा झाल्यावर नोव्हेंबरमध्ये त्यांच्यासाठी सवलत निघाली. ज्या खात्याने मुलाच्या कागदावर आईचं नाव सक्तीचं केलं, त्याच खात्याने बाईच्या पैशासाठी पुरुषाचा अंगठा मागावा, ही विसंगती मंत्र्यांच्या लक्षात आणून द्यायला हवी. मला खात्री आहे की त्यांना ती समजेल.

हक्काचं तसं नसतं. हक्क कुणाच्या मर्जीवर चालत नाही. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून हिंदू वारसा कायद्यात बदल करून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. पहिलं महिला धोरणही त्याच वर्षी आलं. त्यात आधी लग्न झालेल्या मुली सुटल्या होत्या. २००५ मध्ये केंद्राचा कायदा झाला, त्याने ती अट काढली. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा हक्क मुलीला जन्माने आहे, २००५ मध्ये वडील हयात असोत वा नसोत. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र तशाच राहतात.

कायदा इतका स्वच्छ आहे. आणि आमच्या तालुक्यात काय चालतं? सिडको १९७० मध्ये स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरणच्या पंचाण्णव गावांची जमीन घ्यायला निघाली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, जासईच्या परिसरात गोळीबारात पाच जण मेले, त्या रक्तातून साडेबारा टक्क्यांची योजना निघाली. विमानतळासाठी दहा गावं उठली, तिथे साडेबावीस टक्के ठरले. २०२१ मध्ये विमानतळाला दि. बां.चं नाव द्या म्हणून मानवी साखळी झाली, सिडकोला घेराव पडला. त्या प्रत्येक फोटोत पुढच्या रांगेत बायका आहेत, नऊवारी नेसलेल्या, डोक्यावर पदर, उन्हात बसलेल्या. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं. पण भूखंडाच्या कागदावर त्या बायकांची नावं शोधायला गेलं की दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेरची रांग आठवते. सणाच्या साड्या नेसून माहेरी आलेल्या बहिणी, सोबत भाऊ, हातात आधार कार्ड. वकील बोट ठेवतो तिथे सही. वाटा किती होता, हे तिला त्या दिवशीही कुणी सांगत नाही. संध्याकाळी जेवण, एक साडी, परत सासरी.

जमिनीला भाव नव्हता तेव्हा बहिणीची सही कुणी मागत नव्हतं. भाव आला तसा बहिणीच्या प्रेमाला जोर आला.

आता अदिती तटकरे यांच्याकडे पुन्हा येते. आमच्या बैठकीतल्या त्या बाईला जे नाकारलं जातंय, ते ह्यांना त्यांच्या घराने दिलं. भावाला दिलं तसं हिलाही दिलं, आणि मंत्रालयात तर भावाच्या आधी हीच पोचली. रायगडच्या एका घरात लेक वारस होऊ शकते हे लोकांनी पाहिलं आणि मतपेटीतून मान्य केलं. तेव्हा ह्या मंत्र्यांनी बायकांशी 'लाडक्या बहिणी' म्हणून बोलण्यापेक्षा वारस म्हणून बोलावं, एवढीच माझी अपेक्षा आहे. त्यासाठी काही मागण्या आपण सगळ्या गटांनी मिळून त्यांच्यापुढे ठेवाव्यात असं मला वाटतं.

हक्कसोडपत्राची नोंदणी करण्याआधी त्या बाईला एकटीला बसवून, तिच्या भाषेत, तिचा वाटा किती आणि त्याची आजची किंमत किती हे अधिकाऱ्याने सांगावं आणि तसं लिहून घ्यावं. तिला विचार करायला काही दिवसांची मुदत मिळावी. खातं महसूल विभागाचं आहे हे उत्तर देऊ नये, महिला धोरण सगळ्या विभागांसाठी असतं. सिडकोने दर वर्षी किती भूखंड बायकांच्या नावावर गेले आणि किती बहिणींनी हक्क सोडले याचे आकडे जाहीर करावेत. कुठल्याही योजनेत बाईची ओळख पुरुषाच्या कागदावर टांगू नये. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटी मिळावी. आणि एक मागणी त्यांच्या पक्षासाठी, आणि इतर पक्षांसाठीही. विधानसभेच्या जागा कायद्याने राखीव होतील तेव्हा होतील, तोवर एक तृतीयांश उमेदवाऱ्या स्त्रियांना द्यायला कुठला कायदा आड येतो?

काही मैत्रिणी म्हणतील, घराण्यातून आलेल्या बाईकडून एवढी अपेक्षा कशाला? मी म्हणते, तिच्याकडूनच करायची. तिला वाट्याची किंमत माहीत आहे. उत्तर आलं नाही तर तेही सगळ्यांना दिसेल.

आणि आपल्या बैठकीतलं हक्कसोडपत्र? तिने सही केलेली नाही. नाहीही म्हटलेलं नाही. भावाला सांगितलंय, "आधी सातबारा आणि भूखंडाचे कागद दाखव, मग बोलू." भाऊ आठवडाभर फिरकला नाही, त्यामुळे ती रात्री झोपत नाही असं तिची शेजारीण सांगते. पुढच्या बैठकीला तिच्या बहिणीलाही घेऊन यायचं ठरलं आहे, म्हणजे एकीवर सगळा भार येणार नाही. तुमच्या गावात, तुमच्या गटात अशी एखादी बहीण भावांशी न तुटता वाटा घेऊ शकली असेल, तर कसं जमवलं ते जरूर लिहून कळवा. आम्हाला ते तिला वाचून दाखवायचं आहे.